अकराव्या मिनिटापासून पंधराव्यापर्यंत

तीर्थपुरी,
१२ सप्टेंबर २००८

चि. अर्पिता, तुला मामाचे आशीर्वाद.

फोनवर बोलायचं म्हटलं की मला अर्धंच ऐकू येतं, आणि उरलेल्या अर्ध्यात तू 'हॅलो हॅलो' करत असतेस. म्हणून हे पत्र. शिवाय शाई सुकताना कागदाला जो वास येतो तो अजून मला चौथीच्या वर्गात नेऊन बसवतो. पोरं हारीनं बसलेली, मी खिडकीशी उभा, आणि कवितेचा तास. एकानं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ती उचलायची. निवृत्त होऊन चौदा वर्षं झाली, पण संध्याकाळी कौलांवर पाखरं बसली की वाटतं, आता घंटा होईल.

असो. काम असं की मला व्हिडिओ कॅमेरा घ्यायचा आहे. हसू नकोस.

तुला ठाऊकच आहे, आबांच्या मागे रस्त्यालगतचं दोन एकराचं रान तुझ्या तुळजामावशीच्या नावावर आलं. आमच्या माऊलीला तिथे मंगल कार्यालय बांधायचं आहे. बँक म्हणते, सातबारा कर्ज घेणाऱ्याच्याच नावावर पाहिजे. म्हणून तुळजाचं हक्कसोडपत्र करायचं ठरलं, चौदा नोव्हेंबरला. तिला जन्मापासून ऐकू-बोलता येत नाही, तेव्हा तिचं म्हणणं सांगायला दुभाषा म्हणून मीच जाणार. दुसरं कोण? साठ वर्षं तिच्या हातांची भाषा मलाच कळते. पण काकासाहेब वकील म्हणाले, "मास्तर, सख्खा भाऊच दुभाषा, अन् फायदा भावाच्याच पोराचा. उद्या कुणी बोट दाखवलं तर? तिची संमती व्हिडिओत घेऊन ठेवा."

संमती काय, ती देणारच. तिला कार्यालयात मांडवाखाली बसायला आवडेल. तिच्या खुणा तुला आठवतात ना? छातीवर तळहात ठेवला की हो. तळहातावरचा कोंडा फुंकल्यासारखी फुंकर मारली की नाही. टाचेनं जमीन दोनदा दाबली की रान. आणि मी त्याची वाक्यं करायचो. मीठ संपलं म्हणून तिनं रिकामी बरणी हलवली की मी घरभर पुकारायचो, "सरले मीठ, उरले पीठ!" तू आणि माऊली लोळून हसायचात. ती पण हसायची, तुम्ही हसता म्हणून.

जुन्या जालन्यात कापडगल्लीला लागून एक दुकान आहे. त्यानं तीन तऱ्हा दाखवल्या. एकात छोटी टेप, एकात तळहाताएवढी चकती, एकात म्हणे आतच हार्डडिस्क. मी टेपवाल्याकडे बोट केलं तर म्हणतो, "मास्तरजी, टेप तो बैलगाडी है. ये चकती लो, निकालो और डीव्हीडी में डालो." बैलगाडीत मी बरंच आयुष्य काढलं आहे.

तू घरी बसून लोकांच्या लग्नांच्या फिती कापतेस, जोडतेस. तूच सांग, कोणता घेऊ? आणि त्यातला फापटपसारा काढून पाच मिनिटांची सुबक सीडी तूच करून दे.

तुझा
सोमेश्वरमामा

---

पुणे,
१९ सप्टेंबर २००८

ती. मामा,
नमस्कार.

टेपवालाच घ्या. दुकानदार चकतीवर अडून बसेल, कारण तो माल त्याच्याकडे पडून असणार. कारण सांगते, तुमच्या हजेरीपटावरून.

टेपवाला कॅमेरा प्रत्येक चित्राची पूर्ण हजेरी घेतो. सेकंदाला पंचवीस चित्रं, प्रत्येक वेळी सगळ्या पोरांची नावं. चकतीवाला आळशी मास्तर. एकदा पूर्ण हजेरी घेतो आणि पुढे लिहितो, 'वरच्याप्रमाणेच, फक्त दोघे उठून गेले.' जागा वाचते, पण मावशीच्या हातांसारखं काही भरभर हललं की चित्र फिसकटतं, बोटं एकमेकांत मिसळतात. आणि मला नेमकी जागा बघून कापता येत नाही. हार्डडिस्कवाले नवे आहेत, चित्र सुंदर, पण त्यांची फाईल उघडताना माझा संगणक धापा टाकतो. शिवाय चकती 'बंद' करायचं बटण दाबायला तुम्ही विसरलात तर ती दुसऱ्या कुठेच चालणार नाही. तुम्ही विसरणार.

टेपचं आणखी एक बरं आहे. संगणकात मी काहीही कापलं तरी मूळ टेप जशीच्या तशी राहते.

घेताना कॅमेऱ्याला चपट्या वायरचं भोक आहे का बघा, त्याला फायरवायर म्हणतात. टेप चार घ्या. वापरलेलीवर परत भरू नका. तिपाई घ्या. मावशीला खिडकीसमोर बसवा, खिडकी तुमच्या पाठीशी. आणि डोक्यापासून पायापर्यंत पूर्ण घ्या. ती टाचेनंही बोलते.

आता दुसरं. तुम्ही लिहिलंय, 'संमती काय, ती देणारच.' मामा, मावशीला विचारलंय का? माझ्या आईनं चौऱ्याण्णव साली हक्कसोडपत्रावर सही केली तेव्हा आबांनी फक्त कुठे करायची ते दाखवलं होतं. आई जाईपर्यंत त्या रानाचं नाव काढायची नाही. पण गावाकडून कुणी आलं की पहिलं विचारायची, "पेरलं का रे तिकडं?"

सीडी मी करीन. उत्तराची वाट बघते.

अर्पिता

---

तीर्थपुरी,
४ ऑक्टोबर २००८

चि. अर्पिता,

कॅमेरा आला! बैलगाडीच आणली. दुकानदार म्हणाला, "भाचीने बोला? फिर तो मैं हार गया." चपट्या वायरचं भोक मी चष्मा पुसून स्वतः पाहिलं.

तुळजानं काय करावं? पेटी उघडल्याबरोबर हळदीकुंकवाची कोयरी आणली. मी म्हणतोय अगं भिंगाला नको, भिंगाला नको, आणि ती कॅमेऱ्याच्या कपाळाचा शोध घेतेय. शेवटी तिपाईच्या पायाला लावलं. यंत्र घरात आलं की त्याचा मान करायचा, हे तिला कुणी शिकवलं नाही. बघून बघून आलं. ऐकू न येणारं माणूस किती बघतं!

काल सकाळी चित्रण झालं. कोवळं ऊन, अंगणात शेवंती. अशा उजेडात मला नेहमी पाठ्यपुस्तकाचं पहिलं पान आठवतं. तुळजा नवं लुगडं नेसून बसली होती. तिचा चेहरा असा शांत दिसत होता की मी जरा जवळ घेतलं. सोबत टेप पाठवली आहे, जालन्याहून कुरिअरनं.

विचारलंय का म्हणतेस. अगं, तिला विचारायचं म्हणजे काय! तुझी मामी गेल्यापासून सगळं घर तिच्या हातात आहे. दुधाचा हिशेब तिच्याकडे, किल्ल्या तिच्या कमरेला. तिच्या मनाविरुद्ध या घरात मांजर येत नाही. तुझ्या आईबद्दल, गिरिजाबद्दल लिहिलंस ते वाचून वाईट वाटलं. आबांचा काळ निराळा होता.

सीडी लवकर कर. माऊली घाई करून राह्यला आहे.

मामा

---

पुणे,
११ ऑक्टोबर २००८

ती. मामा,

टेप बघितली. तीनदा बघितली.

सत्तावीस मिनिटं मावशीचा चेहरा आहे. सुंदर आहे. डोळे, सुरकुत्या, कपाळावरचं गोंदण, सगळं. हात कुठे आहेत?

मधूनमधून खालच्या कडेला एखादं बोट येतं आणि जातं. नवव्या मिनिटाला तिचे खांदे हलतात, म्हणजे तिनं पायानं काहीतरी केलं. काय केलं ते चौकटीबाहेर आहे. मी लिहिलं होतं, डोक्यापासून पायापर्यंत. हे म्हणजे बोलणाऱ्या माणसाच्या तोंडावर पट्टी लावून मुलाखत घेतल्यासारखं झालं.

तुम्ही चेहऱ्याला भुललात, असंच मी धरते. दुसरं काही धरायचं माझ्या मनात नाही.

पण एक सांगते. एवढ्यावर मी सीडी करणार नाही. हसरा चेहरा दाखवून 'बाई राजी आहे' म्हणायला लग्नाच्या फितीत चालतं. नवरी रडत असेल तर तेवढं मी कापते, त्याचेच मला पैसे मिळतात. इथे नाही कापणार.

परत घ्या. तिपाई मागे सरकवा. झूमच्या बटणाला हात लावू नका. आणि तुम्ही तिला जे विचारता ते हातवारेही दिसू देत. तिच्या शेजारी बसा. माऊलीला कॅमेऱ्यामागे उभा करा.

अर्पिता

---

तीर्थपुरी,
२० ऑक्टोबर २००८

चि. अर्पितास,

तुझ्या पत्रानं दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. 'दुसरं काही धरायचं माझ्या मनात नाही' असं माणूस कधी लिहितं, ते मला कळतं. मी चाळीस वर्षं निबंध तपासले आहेत.

तू सहा वर्षांची असताना तुळजाच्या पाठीवर बसून रानात जायचीस. मी पुढे, कविता म्हणत. तुळजाला ती ऐकू येत नसे, तरी ती माझ्या पावलांवरून ताल धरायची. त्या माणसानं तिच्याशी दगाफटका करावा, हे तुझ्या मनात आलं तरी कसं?

तरीही तू सांगितलंस तसं केलं. बाजेवर न बसवता खुर्चीवर बसवलं, डोक्यापासून टाचेपर्यंत घेतलं. मी तिच्या शेजारी बसणार होतो, पण माऊलीला ते बटणांचं जमेना, म्हणून मी कॅमेऱ्यामागेच राहिलो. माऊली बाजूला उभा होता. ही टेप चाळीस मिनिटांची आहे.

सहाव्या मिनिटाला तिनं छातीवर हात ठेवून स्वच्छ हो म्हटलं आहे. तो भाग घे. अकराव्या मिनिटापासून पंधराव्यापर्यंतचं मात्र काढून टाक. तेव्हा शेजारच्यांची शेळी शेवंतीत शिरली आणि तुळजा तिच्यावर चिडली. तो चिडका भाग उगाच वकिलाला कशाला दाखवायचा? बाकी तुझ्या कलेनं कर.

दिवाळी आठवड्यावर आली. करंज्यांचं सारण तुळजानं आजच करून ठेवलं. सीडी पाडव्यापर्यंत मिळाली तर बरं. चौदा तारीख आता लांब नाही.

मामा

---

पुणे,
२७ ऑक्टोबर २००८

मामा,

उद्या लक्ष्मीपूजन आहे आणि मी हे लिहिते आहे. तीन दिवस हातात पेन घेऊन ठेवून दिलं.

टेपवर चित्राबरोबर आवाजही येतो, मामा.

मावशीसमोर आपण सगळे आयुष्यभर वाटेल ते बोलत आलो. ती तिथे बसलेली असायची आणि आपण तिच्याच लग्नाचं, तिच्या नशिबाचं, तिच्या खाण्याचं बोलायचो. सवयच लागली घराला. ती सवय तुम्ही कॅमेऱ्यासमोरही चालू ठेवलीत. मावशी मुकी म्हणून टेपही मुकी धरलीत.

सहाव्या मिनिटाला मावशी छातीवर हात ठेवते. तुम्ही काय विचारलंत ते दिसत नाही. माऊली हसतो आणि म्हणतो, "चहाला हो म्हणली. धरा हेच."

अकराव्या मिनिटाला शेळी नाही. मावशी टाचेनं जमीन दाबते, दोनदा. मग छातीवर मूठ आपटते, म्हणजे 'माझं'. मग तळहातावर फुंकर मारते. परत टाच, परत मूठ, परत फुंकर. मी चित्र थांबवून थांबवून मोजलं. चार मिनिटांत नऊ वेळा. आणि मागून जे ऐकू येतं ते जसंच्या तसं उतरवते:

माऊली : दादा, काय म्हणून राह्यली?
तुम्ही : न्हाई म्हणतीय.
माऊली : अजून? परवाबी न्हाईच म्हणली ना?
तुम्ही : पोळ्यापासून न्हाईच म्हणतीय ती.
माऊली : मंग बंद करा की ते. उगी टेप खराब करून राह्यलो.
तुम्ही : राहू दे चालू. मधी बंद केलं की अर्पिताला कळतं. एवढं काढून टाक म्हणून लिहितो मी तिला.
माऊली : अन् तिथं साहेबासमोर न्हाई म्हणली तर?
तुम्ही : तिथं ती काय म्हणली, ते सांगणार कोण? मीच ना.

मग तुम्ही खोकता. मग माऊली म्हणतो, "दादा, तुमच्या डोळ्याला पाणी आलं का काय?" तुम्ही म्हणता, "ऊन लागलं."

पोळा ऑगस्टच्या अखेरीस झाला. तुमचं पहिलं पत्र बारा सप्टेंबरचं आहे. 'संमती काय, ती देणारच.'

मी यातलं एक चित्रही कापणार नाही. ही टेप कपाटात कुलूप लावून ठेवली आहे.

अर्पिता

---

तीर्थपुरी,
३ नोव्हेंबर २००८

अर्पिताताई,

तुझं पत्र दादाच्या उशीखाली सापडलं. दादा चार दिवस झाले कुणाशी बोलून न्हाई राह्यले. भाऊबीजेला आत्याकडून ओवाळून घेतलं न्हाई. त्यांना काही झालं तर जिम्मेदार तू.

ती टेप आमची आहे. आमच्या कॅमेऱ्याची, आमच्या घरची. जल्दी पाठवून दे. वकिलाला मी पहिलीच टेप दाखवली, चेहऱ्याची. ते म्हणले चालतं. तुझ्या सीडीवाचून आमचं काही अडून न्हाई राह्यलं.

तू पुण्यात बसून न्याय शिकवतीस. आत्याला मीच दवाखान्यात नेतो, मीच आणतो. मोतीबिंदूच्या वेळी आठ दिवस जालन्यात मीच होतो, तू न्हाई आल्ती. त्या रानात मी दहा वर्षं राबलो. पहाट म्हणली न्हाई, ऊन म्हणलं न्हाई. माझ्या नावानं त्यात एक बांधसुद्धा न्हाई. मी तिला उपाशी मारणार आहे का? कार्यालय झालं तर तिलाच खुर्ची टाकून पुढं बसवीन.

तिला त्या रानाचं काय करायचंय, तूच सांग. मला तर ती कधी सांगत न्हाई.

माऊली

---

पुणे,
७ नोव्हेंबर २००८

ती. मामा,

माऊलीचं पत्र मिळालं. मोतीबिंदूचं तो खरं बोलला, ते मला लागलं. त्याला म्हणावं, आत्या सांगत नाही असं नाही. तू कधी तिची एक खूण शिकला नाहीस. शिकायची गरजच पडली नाही. दादा होते ना सांगायला.

सोबत टेप पाठवते. नक्कल आहे, पूर्ण चाळीस मिनिटं, आवाजासकट. मूळ माझ्याकडे. कॅमेऱ्याबरोबर लाल, पांढरी, पिवळी अशा तीन टोकांची वायर आली असेल, ती टीव्हीला जोडा आणि एकदा बघा.

चौदा तारखेला मी येणार होते. तिकीटही काढलं होतं, ते रद्द केलं. मी आले तर मीही मावशीच्या वतीनंच बोलेन, तुमच्यापेक्षा मोठ्यानं. तिच्या वतीनं बोलणाऱ्यांची काही कमी नाही.

मूळ टेप मी कुणाला दाखवायची का, ते चौदा तारखेनंतर ठरवीन.

अर्पिता

---

तीर्थपुरी,
१९ नोव्हेंबर २००८

चि. अर्पिता,

हे पत्र मी तीनदा फाडलं. पहिल्या दोन्ही वेळा सुरुवातीला ऊन, पाखरं, शाळा असलं काहीतरी आलं. मी असाच आहे. अवघड जागा आली की कविता म्हणायला लागतो. म्हणून आता सरळ लिहितो.

तू केलेला आरोप खरा आहे. पोळ्याच्या दिवशी मी तिला पहिल्यांदा विचारलं. नाही म्हणाली. मला वाटलं, तिला नीट कळलं नाही. मग वाटलं, कळेल हळूहळू. मग वाटलं, आपण सांगू तेच तिचं म्हणणं, आजवर तसंच तर चाललं. तिचं लग्न मोडलं तेव्हा लोकांना मीच सांगितलं, 'तिला नव्हतंच करायचं.' तिला विचारलं होतं का? आठवत नाही. आठवत नाही हेसुद्धा मी सोयीनंच लिहितोय का, हे तपासून पाहतो आहे.

दहा तारखेला टेप आली. दुपारी माऊली बाहेर गेला होता. मी वायरी टीव्हीला जोडल्या आणि दार लोटून घेतलं. आवाज आधी बंद केला. माझाच आवाज मला ऐकायचा नव्हता. आणि तेवढ्यात तुळजा आत आली.

तिनं स्वतःला पाहिलं. आधी लाजली, पदर नीट केला. मग अकरावं मिनिट आलं. ती पुढे सरकून बसली. पडद्यातली तुळजा टाच आपटायची, ही मान हलवायची, बरोबर, बरोबर. पडद्यातली फुंकर मारायची, ही माझ्याकडे बघायची. चार मिनिटं झाली आणि ती उठली. टीव्हीच्या काचेवर बोटानं टकटक केली, मग माझ्या छातीवर टकटक केली, आणि दोन्ही हात झटकले. काम झालं की झटकते तसे.

अर्पिता, तिला वाटलं होतं, हे सगळं तिचं 'नाही' टिपून घ्यायलाच चाललंय. इतके दिवस ती पुन्हा पुन्हा सांगत होती आणि कुणी ऐकत नव्हतं. मग भावानं जालन्याहून यंत्र आणलं, तिपाई आणली, पुण्याच्या पोरीला विचारून आणलं. आता एकदाचं लिहून घेतलं, पक्कं झालं. म्हणून तिनं तिपाईला कुंकू लावलं, म्हणून नवं लुगडं नेसली. ती निवांत होऊन भाजी निवडायला गेली. मी तिथेच बसून राहिलो. टेप संपून पडदा निळा झाला तरी बसलोच होतो.

चौदा तारखेला आम्ही तालुक्याला नोंदणी कचेरीत गेलो. माऊली, वकील, मी, तुळजा. माऊलीला मी यातलं काही सांगितलं नव्हतं, धीर झाला नाही. तिथल्या साहेबांनी माझ्याकडून शपथ घेतली, तिचं म्हणणं जसंच्या तसं सांगीन. मग म्हणाले, "विचारा बाईंना, राजीखुशीनं हक्क सोडताय का?"

मी तिला नेहमी कसं विचारायचो माहीत आहे? आधी स्वतःच मान डोलवायची, मग प्रश्न करायचा. उत्तर तिच्या हातात देऊन विचारायचं. त्या दिवशी मी मान ताठ ठेवली. रान दाखवलं, तुझं दाखवलं, माऊलीला द्यायचं दाखवलं, आणि हात खाली घेतले.

तिला आश्चर्य वाटलं. हे तर टिपून झालं होतं ना? तरी तिनं फरशीवर टाच दाबली, दोनदा. मूठ छातीवर. फुंकर.

"काय म्हणतात?" साहेबांनी विचारलं.

माऊली माझ्याकडे बघत होता. लहानपणी परीक्षेचा कागद हातात देताना बघायचा तसा. माझ्या ओठांवर एक वाक्य तयार होतं बघ, शेवटपर्यंत तयार होतं. 'भावाच्या घरी सुखात आहे म्हणते.' खोटं नव्हतं, खरंही नव्हतं. साठ वर्षं मी अशीच वाक्यं केली.

मी म्हणालो, "न्हाई म्हणते. रान माझं आहे म्हणते. देत न्हाई म्हणते."

वकिलांनी फाईल मिटली. माऊली उठून बाहेर गेला, जीप काढली आणि निघून गेला. आम्ही दोघं बसनं आलो.

तीन दिवस चौघं जेवणाऱ्या घरात भांडी तेवढी वाजायची. तुळजा तिचं काम करत होती. सुनेनं मला ताट वाढलं, पण पाणी ठेवलं नाही. माऊलीला मी म्हणालो, "चुकलो असेन तर मी चुकलो, ती न्हाई." तो म्हणाला, "तुम्ही चुकले न्हाई. तुम्ही मला दोन म्हैने खेळवलं." त्याला आशा मीच लावली होती.

मूळ टेप दाखवायचीच असेल तर अवश्य दाखव. तुझा अधिकार आहे. मी अडवणार नाही.

आता आजचं सांगतो आणि थांबतो. सोयाबीन निघून रान मोकळं पडलंय. हरभऱ्याची वेळ सरत चालली. सकाळी माऊली ओसरीवर आला, भिंतीकडे बघत मला म्हणाला, "विचारा तिला. हरभरा टाकू का गहू."

मी म्हणालो, "तूच विचार."

"मला कुठं येतं?"

"मंग शिक."

त्यानं शिवी गिळली. मग तुळजासमोर जाऊन उभा राहिला. तिनं सूप खाली ठेवलं. त्यानं आधी तोंडानंच विचारलं, मोठ्यानं, बहिऱ्याला विचारतात तसं. ती नुसती बघत राहिली. मग त्यानं इकडेतिकडे पाहिलं, कुणी बघत नाही ना, आणि टाच उचलून अंगणात दाबली. दोनदा. मग हरभरा कसा दाखवायचा हे त्याला सुचेना. चिमटीत काहीतरी धरल्यासारखं केलं, घाटा फोडून तोंडात टाकल्यासारखं केलं. मग गव्हाची ओंबी दाखवायला बोटं वर धरली. घामाघूम झाला पठ्ठ्या.

तुळजानं त्याला तेच परत करून दाखवायला लावलं. परत. तिसऱ्यांदा. मग तिनं सावकाश, मोठाले हात करत उत्तर दिलं, लहान पोराला सांगतात तसं.

तो माझ्याकडे वळला. "काय म्हणली?"

मी ऐकू न आल्यासारखं केलं. तो परत तिच्याकडे वळला.

सोमेश्वरमामा